किसन तायडे यांची दुसरी वही

किसन तायडे खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. खोटं पकडायची मला सवय आहे. छत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, शेजारच्याच्या पेपरात डोकावून लिहिलेलं उत्तर मला लांबून ओळखू येतं. पण हा माणूस खोटं बोललाच नाही, आणि त्या खरेपणानेच त्याचा घात केला. त्या घाताला माझाही हात लागलेला आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी शालिनी. निवृत्त झाल्यावर इंदूरजवळ राऊच्या एका नव्या कॉलनीत राहायला आले. मुलगा अश्विन नोकरीपायी शहरात, विजय नगरला राहतो. त्याने मला स्मार्टफोन शिकवला, आणि शिकवताना तो इतका वैतागला की मी ठरवलं, म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांनीच शिकवलेलं बरं. दर गुरुवारी कॉलनीच्या हॉलमध्ये मी मधुमेहवाल्यांचा वर्ग घ्यायला लागले. आमच्या डॉक्टर अरुंधतींचा दवाखाना विजय नगरला. राऊहून तिथे जायचं म्हणजे दोन बस आणि अख्खा अर्धा दिवस. त्याऐवजी घरीच बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, मशीनवर आलेला आकडा फोनमधल्या ॲपमध्ये भरायचा, डॉक्टर तो तिकडे बघणार आणि गोळी कमीजास्त करणार. आठवड्यातून तीनदा, सकाळी उपाशीपोटी. आकडा मर्यादेत असला तर हिरवा दिसतो, नसला तर लाल.

हे पुरेसं सोपं होतं. मी ते फळ्यावर लिहून आणखी सोपं केलं. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. तेवीस म्हातारी माणसं खुर्च्यांवर शिस्तीत बसली होती, काही जण तर वहीत उतरवून घेत होते, आणि मला माझी शाळा परत मिळाल्याचा आनंद झाला होता.

किसनजी पहिल्या रांगेत बसले होते. वय सदुसष्ट, उंच, सुकलेला बांधा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. साखर अकरा वर्षांपासूनची. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने, संबोधीने, मशीन पाठवलं होतं. ते त्यांनी खोक्यातून काढून दोन्ही बाजूंनी तपासलं, पट्टी उजेडात धरून बघितली, मग हात वर केला.

"मॅडमजी, याची लिमिट किती से किती?"

मी म्हटलं, तुमच्यासाठी डॉक्टरांनी ऐंशी ते एकशेतीस सांगितली आहे. त्यांनी ती लिहून घेतली आणि खाली रेघ मारली. वर्ग सुटल्यावर कळलं की पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं चेकर होते. पंपाचे शाफ्ट तिथे बनायचे. बनलेला प्रत्येक शाफ्ट यांच्या टेबलावर यायचा आणि यांनी मापून होकार दिल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. चौतीस वर्षांत त्यांनी पास केलेला एकही पीस गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. हे त्यांनी नाही, त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी सांगितलं. ते स्वतः बाजूला उभे राहून छताकडे बघत होते.

त्याच दिवशी त्यांनी मला एप्रिलचं विचारलं. त्यांचे वडील महूच्या पलटणीत होते. दर चौदा एप्रिलला पहाटे वडील त्यांना घेऊन राऊहून महूला पायी जायचे, बाबासाहेबांच्या जन्मभूमीला वंदन करायला. वडील गेले, तशी वाट यांनी धरली आणि लग्नानंतर मंजुळाबाई बरोबर यायला लागल्या. अडतीस वर्षांत खाडा नाही. गेल्या वर्षी मात्र अर्ध्या वाटेत पायांवर सूज आली आणि रिक्षा करावी लागली. पूर्ण रस्ताभर ते तोंड फिरवून बसले होते, असं मंजुळाबाई म्हणाल्या. तर यंदा पायी जाता येईल का, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी काही डॉक्टर नव्हे. पण खडू हातात असला की माझी जीभ सैल सुटते. मी हेडमास्तरणीच्या थाटात सांगून टाकलं, की एप्रिलपर्यंत सगळं हिरवं दिसलं तर परवानगी, लाल दिसलं तर मुकाट्याने रिक्षात बसायचं. सगळे हसले. किसनजी हसले नाहीत. त्यांनी तेही लिहून घेतलं.

हे ऑक्टोबरमधलं. आमचा वर्ग चांगला चालला, आणि हे मी आजही म्हणेन. इंदिराबाई नावाच्या आमच्या एका विद्यार्थिनीचा आकडा आठवडाभर लाल आला. डॉक्टर अरुंधतींनी फोन करून गोळी बदलली, आणि महिन्याभरात बाईंचं रात्री चार वेळा उठणं थांबलं. ज्यांची मुलं जवळ नाहीत अशा माणसांच्या घरात त्या लाल आकड्यामुळे डॉक्टर फोनवरून पोचत होत्या. लाल आकडा ही मदतीची हाक होती. मी मात्र त्याला नापास म्हणत होते.

दर शनिवारी मी ग्रुपवर हिरव्यांची यादी टाकायची. नावापुढे चांदणी. किसन तायडे पहिले, पुन्हा पहिले, पुन्हा पहिले. एकशेअठ्ठावीस, एकशेचोवीस, एकशेतीस. संबोधीलाही तिच्या फोनवर हे आकडे दिसायचे. तिने मला लिहिलं की काकू, तुमच्यामुळे मी इथे निश्चिंत असते. मी तो निरोप अश्विनला दाखवला, एकदा नाही, दोनदा.

दोन गोष्टी माझ्या नजरेला आल्या होत्या. नजरेला आल्या आणि मी त्यांचा विनोद केला. पहिली म्हणजे, त्यांचा उपाशीपोटीचा आकडा साडेदहा-अकराला यायचा. बाकीच्यांचे सातलाच येऊन पडलेले असायचे. मी ग्रुपवर लिहायची, उठले का आमचे नवाबसाहेब? त्यावर ते हात जोडल्याचं चिन्ह पाठवायचे.

दुसरी गोष्ट, बरणी. आमच्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि वेगवेगळा केलेला कचरा वेगवेगळ्या कप्प्यांत टाकावा लागतो. वापरलेल्या पट्ट्या आणि सुया ओल्या-सुक्यात चालत नाहीत. मंजुळाबाई त्या लोणच्याच्या जुन्या बरणीत साठवायच्या. डिसेंबरात एकदा मी गाडीपाशी उभी असताना त्या बरणी घेऊन आल्या. बरणी गच्च भरली होती. मी म्हटलं, अहो, आठवड्याला तीन पट्ट्या लागतात, तुम्ही काय दुकान काढलंय? त्या म्हणाल्या, "ते दिवसातून चार-चार बार नापतात. चेकरची आदत आहे ना." मला कौतुकच वाटलं. पुढच्या गुरुवारी वर्गात मी त्यांचं उदाहरण दिलं.

जानेवारीत तीन महिन्यांची तपासणी आली. ही रक्ताची वेगळी चाचणी असते. बोटातला थेंब त्या क्षणाची साखर सांगतो, ही चाचणी मागच्या तीन महिन्यांची हकिगत सांगते. लॅबचा माणूस रविवारी हॉलवर येणार होता आणि त्याच्याजवळ वीसच जणांची सोय होती. आम्ही तेवीस. कोणती तीन नावं गाळायची हे ठरवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. ज्यांचं सगळं हिरवं होतं त्यांना पुढच्या वेळी घेऊ, असं मी ठरवलं. किसनजींच्या जागी मी इंदिराबाईंचं नाव घातलं. डॉक्टर अरुंधतींनी फोनवर विचारलंही, की तायडेंची चाचणी का नाही? मी म्हटलं, तो माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी आहे, त्याची काळजी नको. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मात्र चुकवू नका, औषध तोवर आहे तेच राहू द्या. किसनजींनी तक्रार केली नाही. त्यांना वाटलं असेल की परीक्षेतून सूट मिळणं हा मानच असतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंजुळाबाई फरशी पुसत होत्या, तेव्हा त्यांना फरशीवर तपकिरी डाग दिसले. डाग खाटेपासून दारापर्यंत गेले होते. किसनजींच्या डाव्या टाचेला भोक पडलं होतं. बुटाने आधी फोड आला असणार, तो फुटला, आत चिघळला आणि यांना पत्ता नाही. कारखान्यातले जुने, टणक बूट घालून ते फिरायचे, कारण ते बूट मजबूत होते आणि फेकून द्यायचं काही कारण नव्हतं. साखरेने पायाची जाणीव गेलेली होती. दुखतच नव्हतं, त्यामुळे त्यांनी बघितलं नव्हतं. पाय रोज तपासायचे, हे मी वर्गात एकदा सांगितलं होतं, घाईत, तास संपताना. पुढे चार दिवस हळद लावण्यात गेले. मग थंडी वाजून ताप भरला.

इस्पितळात त्यांची साखर चारशेच्या वर निघाली. तीन महिन्यांची ती चाचणी तिथे झाली आणि तिचा आकडा एवढा वाईट होता की डॉक्टर अरुंधतींनी मला फोन करून नाव पुन्हा विचारलं, हेच का ते तायडे? तिसऱ्या दिवशी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी चिडले होते. हे लपवून काय करू? दुःख नंतर झालं, आधी राग आला. पाच महिने या माणसाने माझ्या डोळ्यांत धूळ फेकली, खोटे आकडे भरले, चांदण्या मिळवल्या, असंच माझ्या डोक्यात होतं. ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. संबोधी पुण्याहून आली होती, ती उशाशी बसली होती, पलीकडे स्टुलावर मंजुळाबाई. चादर एका बाजूला सपाट होती, तिकडे मी बघितलं नाही. तब्येतीचं विचारायचं सोडून मी म्हटलं, "किसनजी, खोटे आकडे का भरलेत?"

त्यांचा चेहरा असा झाला की पाय काढलेल्या दिवशीही झाला नसेल. ते उठून बसायला लागले, संबोधीने उशी लावली.

"मॅडमजी, मी एक भी नंबर झूठा टाकला नाही." मग मंजुळाबाईंना म्हणाले, "ती कॉपी दे यांना."

कॉपी म्हणजे आमच्या इंदुरात वही. मंजुळाबाईंनी पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढली. आत हाताने रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख, वेळ, रीडिंग, चक्कर. नोव्हेंबरची एक ओळ मला पाठ झाली आहे. सकाळी सहा, एकशेअठ्ठ्याऐंशी, मैदानाला आठ चक्कर. आठ वाजता, एकशेचौसष्ट, सहा चक्कर. साडेनऊला, एकशेचाळीस, चार चक्कर. पावणेअकराला एकशेअठ्ठावीस, आणि त्याच्यापुढे हिरव्या शाईने 'पास'. त्या दिवशी ॲपमध्ये एकशेअठ्ठावीस आलं होतं आणि मी नवाबसाहेब म्हणून हसले होते. पुढे पानं उलटत गेले तसे आकडे चढत गेले. दोनशेचार, दोनशेअठ्ठावीस, दोनशेसाठ. चक्कर वाढत गेले. एकेका आठवड्यात जेमतेम तीन 'पास'. आठवड्याला तीनच तर आम्ही मागितले होते.

ते हळूहळू, थांबत थांबत सांगत होते. "आमच्याकडे असंच असतं. जो पीस गेजमध्ये बसला नाही, तो रजिस्टरमध्ये चढवायचा नाही. वापस मशीनवर पाठवायचा. ठीक होऊन आला, फिर से नापला, पास झाला, तेव्हा चढवायचा. रजिस्टर ऑफिसमध्ये जातं. रिजेक्शनची कॉपी चेकरजवळ राहते. साहेबाने मागितली तर दाखवायची."

"मग मला का नाही दाखवलीत?"

"तुम्ही मागितली कुठे?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की मागायचं काम माझं होतं आणि मी ते विसरले असेन. नापास पीस ते परत मशीनवर पाठवत होते आणि मशीन म्हणजे त्यांचे दोन पाय होते. फोड आलेल्या, भोक पडलेल्या टाचेवर ते मैदानाला वीस-वीस चक्कर मारत होते, उपाशीपोटी, आकडा एकशेतीसच्या खाली यावा म्हणून. मंजुळाबाई म्हणाल्या की मी म्हणायची, पहले पोहे तर खाऊन घ्या, तर म्हणायचे, अजून पास नाही झाला. एवढं बोलून त्या रडायला लागल्या, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायलासुद्धा धजले नाही.

वहीच्या पहिल्या पानावर माझं वाक्य होतं. तारखेसकट. 'एप्रिलपर्यंत सगळं हिरवं तर पायी परवानगी. आदेश, शालिनी मॅडम.'

संबोधीने मला खाली रिक्षापर्यंत सोडलं. तिने मला दोष दिला असता तर मी तो घेतला असता. ती एवढंच म्हणाली, "मी रोज बघत होते काकू. हिरवं बघून ऑफिसला जायची. बाबांना एकदा तरी फोन करून विचारायला हवं होतं, की बाबा, सकाळपासून काय केलं."

पुढच्या गुरुवारी मी फळा पुसला. पास-नापास पुसलं, चांदण्यांची यादी बंद केली. उरलेल्या बावीसच्या बावीस जणांना समोर बसवून सांगितलं की सकाळी उठल्यावरचा पहिला आकडा भरायचा, जो असेल तो, आणि लाल आला तर डॉक्टरांना तो आधी दिसला पाहिजे. किसनजींची गोष्टही सांगितली, माझ्या चुकीसकट. चार जणांनी वर्ग संपल्यावर जवळ येऊन हळूच कबूल केलं की तेही असंच करायचे, कुणी फिरून, कुणी आदल्या रात्री उपाशी राहून. एक म्हणाले, मॅडम, तुम्ही नाराज व्हाल म्हणून. शाळेत मुलं मला घाबरायची तेव्हा मला ते आवडायचं. त्या दिवशी घरी जाऊन मी बराच वेळ दार लावून बसले.

किसनजी घरी आले. इन्सुलिन सुरू झालं, कुबड्या आल्या. आता ते सकाळी सहाला एकदाच मोजतात आणि जे येईल ते भरतात. लाल वही त्यांनी मला देऊन टाकली आणि म्हणाले, ऑफिसमध्ये जमा करून घ्या. ते मला अजूनही मॅडमजी म्हणतात, मी गेले की अजूनही कुबड्यांवर उठून उभं राहायला बघतात. ते उभे राहू नयेत म्हणून मी दारातच बसून घेते.

चौदा एप्रिलला मंजुळाबाई जायला तयार नव्हत्या. किसनजींनी त्यांना पाठवलं. अडतीस वर्षांत खाडा नाही, तो माझ्या पायाने झाला, तुझ्या पायाने नको, असं ते म्हणाले. संबोधी त्यांच्याजवळ थांबली. मी म्हटलं, मी येते बरोबर. माझी तशी कुणाला गरज नव्हती. पण मंजुळाबाईंनी नको म्हटलं नाही.

पहाटे पाचला निघालो. रस्त्यावर निळे झेंडे होते, पांढऱ्या साड्या होत्या, मोटरसायकली जात होत्या. मंजुळाबाई रस्त्याच्या डाव्या कडेने चालत होत्या आणि उजवीकडची एका माणसाची जागा मोकळी सोडत होत्या. मी त्या जागेत चालले नाही, मागे राहिले. सव्वासहाला माझा फोन वाजला. किसनजींचा आकडा आला होता, दोनशेचौदा. लाल. मंजुळाबाईंनी वळून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चालायला लागल्या.

साधारण अर्ध्या वाटेवर माझी टाच जळायला लागली. नव्या चपलेचा पट्टा घासत होता. मी आधी दुर्लक्ष केलं, मग पाऊल टाकवेना. रस्त्याकडेच्या एका कठड्यावर बसले आणि चप्पल काढली. टाचेला फोड आला होता, करवंदाएवढा, पाण्याने टम्म भरलेला. एवढ्याशा फोडाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या मनात आलं, एवढं जरी दुखलं असतं तरी तो माणूस थांबला असता, बसला असता, त्याने बूट काढून बघितलं असतं.

मंजुळाबाई परत फिरून आल्या. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. माझा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मांडीवर घेतला, टाच उजेडाकडे वळवली आणि फोडाच्या कडेने अंगठा दाबून बघितला. मी कळवळून पाय मागे ओढला.

"दुखतं ना, मॅडमजी?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पिशवीत चिंधी शोधायला लागल्या.